खुर्ची, मोर्चा आणि खानदेश

जून २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल लागला. महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या ४८ खासदारांत स्त्रिया सात. त्या सातांतल्या तिघी एकट्या खानदेशाच्या पट्ट्यातून गेल्या: जळगावातून स्मिता वाघ, रावेरमधून रक्षा खडसे, धुळ्यातून डॉ. शोभा बच्छाव. दोघी भाजपच्या, एक काँग्रेसची. तेव्हा लाटेवर बोट ठेवून मोकळे होता येत नाही. असे काही घडले की आमच्याकडे चहाच्या टपरीपासून वकिलांच्या बाररूमपर्यंत एकच नाव निघते. प्रतिभाताई. जळगावची मुलगी आमदार झाली, मंत्री झाली, राष्ट्रपती झाली, हे टप्पे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. टप्प्यांच्या मधे काय झाले याची चर्चा कमी. ही टिपणे त्या मधल्या जागेची.

०

जन्म १९ डिसेंबर १९३४, आजच्या बोदवड तालुक्यातले नाडगाव. वडील नारायणराव पाटील वकील. आर. आर. विद्यालय, मग मू. जे. महाविद्यालय, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन एम. ए. पुढे मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजातून कायद्याची पदवी. टेबल टेनिस चांगले खेळत. जळगावच्या कोर्टात वकिली सुरू झाली, आणि १९६२ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर जळगावातून विधानसभेत. वय २७.

त्या काळात खानदेशातल्या सुखवस्तू घरांतसुद्धा मुलगी मॅट्रिकच्या पुढे गेली तर गावात विषय होई. वकील झालेली, लग्न न झालेली मुलगी मते मागत फिरते आणि निवडून येते, ही साधी गोष्ट नव्हती. मात्र तिच्यामागे बायकांची चळवळ नव्हती. घराणे होते, शिक्षण होते आणि पक्ष होता.

०

त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनचे युद्ध झाले. प्रतिभाताईंनी जळगाव जिल्ह्यात महिला होमगार्डचे पथक उभे केले आणि त्याच्या प्रमुख झाल्या. बायकांना संघटित करण्याचे त्यांच्या अधिकृत चरित्रातले पहिले ठळक काम हेच. आमदारकी फेब्रुवारीतली, पथक त्यानंतरचे.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्त्रियांच्या हक्कांसाठी रस्त्यावर झगडलेली बाई पुढे कायदेमंडळात जाते, अशी आपली एक ठरलेली समजूत असते. खानदेशातल्या सर्वांत मोठ्या उदाहरणात ती उलटी आहे. आधी खुर्ची, मग काम.

०

दुसरा रस्ता कसा दिसतो, ते पाहायला मुंबईला जावे लागते. मृणाल गोरे गोरेगावात नळाच्या पाण्यासाठी बायका घेऊन महापालिकेवर जात. १९६१ मध्ये नगरसेविका झाल्या. १९७२ मध्ये महागाईविरोधी समितीने बायकांच्या हातात लाटणी दिली आणि लाटणे मोर्चा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला. त्याच वर्षी मृणालताई विधानसभेत पोचल्या. तिथे बोलत त्या रेशन, रॉकेल, पाणी यांवरच.

प्रतिभाताई तेव्हा समाजकल्याण मंत्री. एक सभागृह, दोन बाके, दोन बायका. एकीला पक्षाने आणले, दुसरीला मोर्चाने. पुढची वीस वर्षे या दोघी एकमेकींच्या आसपास फिरत राहतात. एकीचे मोजमाप करताना दुसरी शेजारी असलेली बरी.

०

१९६५ च्या जुलैत अमरावतीच्या देवीसिंह शेखावतांशी लग्न झाले. आमदार झाल्यावर तीन वर्षांनी. आडनाव पाटीलच राहिले. नवऱ्याचे नाव मधे, माहेरचे आडनाव शेवटी: प्रतिभा देवीसिंह पाटील. १९६० च्या दशकातल्या राजपूत घरात हे कसे पटवले गेले असेल, यावर कुणी तरी सविस्तर लिहायला हवे होते.

०

१९६७ पासून मतदारसंघ बदलला. एदलाबाद, म्हणजे आजचे मुक्ताईनगर. १९६७, ७२, ७८, ८०: चार वेळा तिथून निवडून आल्या. जळगाव धरून पाच. आयुष्यात एकही निवडणूक हरल्या नाहीत.

तापी-पूर्णेच्या काठचा हा मुलूख केळीचा. शेती पुरुषाच्या नावावर, घड वाहायला बाया. १९८६ च्या नोव्हेंबरात आग्रा रोडवरच्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी शेतकरी बायकांचे अधिवेशन भरवले. लाखांनी बायका जमल्या. पुढे 'लक्ष्मीमुक्ती'च्या हाकेसरशी अनेक गावांत पुरुषांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला. संघटना निवडणुकीच्या राजकारणात कधी फार चालली नाही. पण सातबाऱ्यावर बायकोचे नाव लागावे ही गोष्ट त्यांनी चावडीवर आणली. त्या काळात कुठल्याही आमदाराच्या भाषणात ती क्वचित असे.

०

प्रतिभाताईंची खाती ओळीने मांडली तर अशी: आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, गृहनिर्माण, संसदीय कामकाज (उपमंत्री, १९६७ पासून). समाजकल्याण. आरोग्य आणि समाजकल्याण. दारूबंदी, पुनर्वसन, सांस्कृतिक कार्य. शिक्षण. नगरविकास आणि गृहनिर्माण. नागरी पुरवठा आणि समाजकल्याण.

या यादीत गृह नाही, अर्थ नाही, महसूल नाही, पाटबंधारे नाही. बाईला मंत्री करायचे तर तिला सेवा-शुश्रूषेचे, पोराबाळांचे, गोरगरिबांचे खाते द्यायचे, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. नगरविकास हाच काय तो अपवाद, तोही वर्षभराचा. तेरा-चौदा वर्षे मंत्रिपदे सांभाळलेल्या बाईला मुख्यमंत्रिपद मिळाले नाही. महाराष्ट्राला आजवर स्त्री मुख्यमंत्री मिळालेली नाही. फुले, रमाबाई, कर्वे यांची नावे घेत भाषणे करणाऱ्या राज्याने यावर एकदा तरी खाली मान घालावी.

०

दारूबंदी खात्यावरून आठवले. १९७२ च्या सुमाराला शहादा-तळोद्यात भिल्ल शेतमजुरांची चळवळ उभी राहिली. नंदुरबार जिल्हा १९९८ चा. तोवर हा सगळा भाग धुळे जिल्ह्यातच होता. अंबरसिंग सुरतवंती हे या चळवळीचे नेते. श्रमिक संघटना त्यातून वाढली. भांडण मुळात गेलेल्या जमिनींचे आणि मजुरीचे. पण बायका शिबिरांना येऊ लागल्या तशा त्या दुसरेच बोलू लागल्या. मजुरी वाढून उपयोग काय, ती तर भट्टीवर जाते आणि रात्री मार आम्हाला बसतो.

मग त्यांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला सगळ्यांसमोर जाब विचारला. पुण्या-मुंबईत 'स्त्रीमुक्ती' हा शब्द रुळण्याच्या आधीची ही गोष्ट.

१९७५-७६ मध्ये राज्याच्या दारूबंदी खात्याच्या मंत्री शेजारच्याच जिल्ह्यातल्या होत्या. खाते मुंबईत, मडकी शहाद्यात. या दोन टोकांना जोडणारा रस्ता बांधला गेला असता तर खानदेशाच्या स्त्रियांचे राजकारण वेगळ्या वाटेने गेले असते, असे मला वाटते. शहाद्याच्या त्या बायकांमधून कुणी विधानसभेत पोचली नाही.

०

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षी २४ फेब्रुवारीला महिला आर्थिक विकास महामंडळ, आजचे माविम, स्थापन झाले. महामंडळाच्या उभारणीत प्रतिभाताईंचा वाटा मोठा. आज गावोगाव बचत गटांच्या ज्या बैठका भरतात, त्यांतल्या कित्येक गटांच्या मागे माविम आहे. सतरंजीवर बसून महिन्याचे पन्नास-शंभर रुपये वहीत मांडणाऱ्या बायांना हा इतिहास ठाऊक नसतो. असायचे कारणही नाही. संस्था चालू आहे, एवढे पुरे.

एका मंत्र्याच्या हातून झालेली पन्नास वर्षे टिकणारी गोष्ट म्हणून मी हीच सर्वांत वर ठेवीन. राष्ट्रपतिपदाच्याही वर.

०

त्याच वर्षीच्या जूनमध्ये आणीबाणी आली. प्रतिभाताई मंत्रिमंडळात. मृणालताई आधी भूमिगत, मग तुरुंगात. अहिल्या रांगणेकर आणि प्रमिला दंडवतेही तुरुंगात. स्त्रियांचे वर्ष साजरे होत असताना स्त्रियांच्या चळवळीचे पुढारपण गजाआड होते. मंत्रिमंडळातल्या स्त्रियांनी याबद्दल तेव्हा जाहीरपणे काही म्हटले असते तर ते आजपर्यंत कानावर आले असते.

१९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही.

१९७७ मध्ये मृणालताई लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी पडल्या. 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा तेव्हाची.

०

निष्ठा हा प्रतिभाताईंच्या कारकिर्दीचा कणा. काँग्रेस फुटली, भलेभले इकडचे तिकडे गेले, या इंदिराबाईंबरोबर राहिल्या. १९७८ मध्ये शरद पवारांचे पुलोद सरकार आले आणि इंदिरा काँग्रेस विरोधी बाकांवर बसली. १९७९-८० मध्ये प्रतिभाताई विधानसभेच्या विरोधी पक्षनेत्या होत्या. मंत्रालयाच्या गाडीपेक्षा ही खुर्ची अवघड. सरकारला प्रश्न विचारायचे, आकडे पाठ हवेत, आवाज हवा.

पुढे १९८८-८९ मध्ये त्याच खुर्चीवर मृणाल गोरे बसल्या. तिकिटाने आलेली आणि मोर्चाने आलेली, दोघींची वाट एका ठिकाणी मिळाली ती अशी. सत्तेचे दालन नव्हे, विरोधाचे आसन. राज्याला स्त्री मुख्यमंत्री करवली नाही, पण विरोध करायला दोनदा बाई चालली.

०

जळगावात आणि बाहेर प्रतिभाताईंनी संस्था काढल्या त्या अनेक. श्रम साधना ट्रस्ट, नोकरी करणाऱ्या बायकांसाठी मुंबई-दिल्लीत वसतिगृहे, बांभोरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय (१९८३), अंधांसाठी औद्योगिक शिक्षणाची शाळा, भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी शाळा, मुक्ताबाईंच्या नावाचा सहकारी साखर कारखाना. आणि महिलांची सहकारी बँक.

बँकेबद्दल जळगावात आजही लोक हळू आवाजात बोलतात. बायकांची, बायकांनी चालवलेली बँक, ही कल्पना १९७० च्या दशकात धाडसाची होती. २००३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. २००७ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली तेव्हा थकलेल्या कर्जांचा आणि नातेवाइकांना दिलेल्या कर्जांचा विषय विरोधकांनी देशभर गाजवला.

यात राजकारण होते हे मान्य. तरी एक गोष्ट उरतेच. सहकारातल्या पुरुषांच्या बुडालेल्या बँका मोजायला बसलो तर हाताची बोटे पुरणार नाहीत आणि त्यामुळे कुणी पुरुषांना बँक चालवता येत नाही असे म्हणत नाही. बायकांची एक बँक बुडाली की तेवढ्यावर निकाल लागतो. म्हणूनच ती बुडायला नको होती. ज्या बायकांनी पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे पासबुक हातात घेतले, त्यांचे नुकसान ठेवीपुरते राहत नाही.

०

प्रमिला दंडवते यांनी १९७६ मध्ये महिला दक्षता समिती उभी केली. १९८० मध्ये लोकसभेत गेल्या आणि हुंडाबंदी कायदा कडक करण्यासाठी खासगी विधेयक आणले. १९८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यामागे हा रेटा होता.

मृणाल गोरे यांनी १९८६ मध्ये विधानसभेत गर्भलिंगचाचणीच्या विरोधात विधेयक मांडले. बाहेर स्त्री संघटना आणि डॉक्टर कार्यकर्ते मोहीम चालवत होते. १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, देशात पहिला. केंद्राचा कायदा १९९४ चा.

चळवळीतून आलेल्या बाईची खूण ही. बाहेर जो प्रश्न पेटलेला असतो तो ती सभागृहात कलमांच्या भाषेत मांडते. सत्तेत नसतानाही. मंत्री होऊन संस्था काढता येतात, विरोधी बाकावर बसून कायदा घडवता येतो. दोन्ही कामे लागतात. पण दुसऱ्या कामाचा पुतळा होत नाही.

०

आता आकडा. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ८४२. महाराष्ट्रात याच्या खाली फक्त बीड. २००१ मध्ये जळगावचा आकडा ८८० होता. म्हणजे दहा वर्षांत घसरण.

२०११ मध्ये राष्ट्रपती भवनात कोण होते, ते सांगायला नको. जळगावची लेक देशाच्या पहिल्या खुर्चीवर आणि जळगावच्या लेकी जन्माआधीच गाळलेल्या. यात प्रतिभाताईंचा दोष आहे असे मी म्हणत नाही. सोनोग्राफीच्या खोलीत राष्ट्रपती नसतात. सासू असते, नवरा असतो आणि पैसे मोजून घेणारा शिकलेला डॉक्टर असतो. पण 'पहिली महिला' या दोन शब्दांनी समाज बदलतो, या भाबड्या समजुतीला एवढा स्वच्छ जबाब दुसरा मिळणार नाही. २०१८ मध्ये आपण विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव दिले. चांगले केले. बाईचे नाव पाटीवर लावायला खानदेश कधी मागे राहत नाही.

०

१९९४. महाराष्ट्राच्या विधिमंडळासाठी आणि स्त्रियांसाठी मोठे वर्ष. जूनमध्ये शरद पवार सरकारने राज्याचे पहिले महिला धोरण जाहीर केले. हिंदू वारसा कायद्यात राज्याने दुरुस्ती केली, वडिलार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून हिस्सा आला. केंद्राला त्यासाठी २००५ उजाडले. राज्य महिला आयोग आदल्याच वर्षीचा.

आणि त्याच वर्षी जळगावचे वासनाकांड उघडकीला आले. मुलींना जाळ्यात ओढून, छायाचित्रांचा धाक घालून अत्याचार. आरोपींत गावातली वजनदार मंडळी. तपास गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. मीरा बोरवणकर त्या तपासात होत्या. महाराष्ट्रभरच्या स्त्री संघटना जळगावला आल्या, विशेष न्यायालय झाले, आणि शेवटी अनेक आरोपी सुटले. मुलींनी साक्षीला उभे राहायचे म्हणजे गावासमोर उभे राहायचे. घरच्यांनी मुलींची लग्ने लावून दिली, शहर सोडले, तोंड बंद ठेवले.

धोरण मुंबईत छापून तयार होते. जळगावात एका मुलीला कोर्टाच्या पायरीपर्यंत सोबत करणारी यंत्रणा नव्हती. कायद्याचे यश मोजायचे ते इथे.

०

दिल्लीचा भाग थोडक्यात. १९८५ मध्ये राज्यसभा, १९८६ ते ८८ उपसभापती, मग प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष, १९९१ मध्ये अमरावतीतून लोकसभा. १९९५ च्या बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेला प्रतिनिधी. २००४ मध्ये राजस्थानच्या राज्यपाल. एदलाबादचा संबंध इथे जवळजवळ संपतो.

०

२००७. डाव्यांना आणि काँग्रेसला चालेल असे नाव शोधता शोधता प्रतिभाताईंचे नाव आले. समोर भैरोंसिंह शेखावत. शिवसेना एनडीएत असूनही मराठी माणूस म्हणून प्रतिभाताईंच्या बाजूने उभी राहिली. मतमूल्य ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६. २५ जुलैला शपथ.

प्रचाराच्या दिवसांत उदयपूरला त्या म्हणाल्या की पडद्याची चाल मुघलांच्या आक्रमणांमुळे आली, आता ती सोडायला हवी. इतिहासकारांनी पहिल्या अर्ध्याला हरकत घेतली, मुस्लिम संघटनाही रागावल्या. दुसरा अर्धा, बायकांनी घुंगट सोडावा हा, गोंधळात बुडून गेला. चळवळीत घासून निघालेल्या बाईने घुंगटाचे खापर मुघलांवर फोडले नसते. तिने बोट घराकडे दाखवले असते.

०

राष्ट्रपती म्हणून त्यांनी तीसहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. त्यांत लहान मुलींवर बलात्कार करून खून केलेलेही होते. 'बाई असून?' असा सवाल झाला. हा सवालच चुकीचा. राष्ट्रपती दयेचा निर्णय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने घेतात, आणि फाशीने बायका सुरक्षित होतात असे स्त्री चळवळीतल्या अनेक जणींना मुळातच वाटत नाही. टीका करायचीच तर पुण्यात निवृत्तीनंतरच्या घरासाठी लष्कराची जमीन घेण्यावर करावी. माजी सैनिकांनी आवाज उठवल्यावर २०१२ मध्ये ती त्यांनी सोडली. आणि २००९ मध्ये विद्यमान मंत्र्याला बाजूला सारून मुलाला अमरावतीचे तिकीट मिळाले, त्यावरही करावी. घराणे जिथून आले तिथे परत गेले.

०

४ जून २००९ च्या अभिभाषणात राष्ट्रपतींनी सांगितले की महिला आरक्षण विधेयकासाठी सरकार शंभर दिवसांत पावले टाकील. अभिभाषण सरकार लिहिते, राष्ट्रपती वाचतात. ९ मार्च २०१० ला राज्यसभेने विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर केले. लोकसभेत ते आलेच नाही. २०२३ च्या सप्टेंबरात नवे विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केले, पण त्यातच जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट घातली.

१९९६ मध्ये पहिले विधेयक आले तेव्हा जन्मलेली मुलगी या मधल्या काळात मतदार झाली, आई झाली.

मृणाल गोरे १७ जुलै २०१२ ला गेल्या. आठ दिवसांनी प्रतिभाताईंनी राष्ट्रपती भवन सोडले.

०

गावात मात्र आरक्षण वाट पाहत बसले नाही. पंचायत राज्याच्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तेहतीस टक्के, आणि महाराष्ट्रात २०११ पासून पन्नास टक्के. सरपंचपती नावाचा प्राणी याच काळात जन्मला: सही बायकोची, खुर्चीवर हा, ग्रामसेवकाशी बोलणे याचे. त्याच्यावर विनोद पुष्कळ झाले.

पण याच शिडीने कोण वर गेले तेही पाहावे. रक्षा खडसे कोथळीच्या सरपंच होत्या, मग जिल्हा परिषद, मग २०१४ मध्ये खासदार. त्या राजकारणातल्या घराण्याच्या सून आहेत हे खरेच, घराणे इथेही आहेच. स्मिता वाघ विद्यार्थी परिषदेतून आल्या, जळगाव जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष झाल्या, विधान परिषदेत बसल्या, मग लोकसभा. १९६२ मध्ये पक्षाने एका हुशार मुलीला थेट वरच्या मजल्यावर नेले. आज जिना आहे. जिना कायद्याने बांधला, आणि तो कायदा व्हावा म्हणून बायकांनी वर्षानुवर्षे घसा कोरडा केला.

विधानसभेला तो जिना नाही. तिथला हिशोब: २०२४ मध्ये २८८ पैकी २१ बायका. २०१९ मध्ये २४ होत्या.

०

मार्च २०२५. मुक्ताईनगरच्या पोलीस ठाण्यात केंद्रीय राज्यमंत्री रक्षा खडसे स्वतः तक्रार घेऊन गेल्या. यात्रेत मुलींची छेड काढली गेली होती. पोलीस बंदोबस्त असताना.

हे प्रतिभाताईंचे एदलाबाद. इथून चार वेळा बाई आमदार झाली, इथली सून दिल्लीत मंत्री आहे, गाव एका संत स्त्रीच्या नावाने ओळखले जाते. आणि यात्रेत मुलींना नीट चालता येत नाही. मंत्र्यांना ठाण्यात जावे लागले, तेव्हा बातमी झाली. ज्यांच्या मागे मंत्री नाही त्यांचे काय, हा प्रश्न त्याच दिवशी बऱ्याच बायांनी विचारला.

०

प्रतिभाताईंबद्दल माझे मत, मिळालेल्या माहितीवरून: चिवट, शिस्तीच्या, पक्षाला कधीही अडचणीत न आणणाऱ्या राजकारणी. बायकांसाठी त्यांनी केले ते संस्थांच्या वाटेने. माविम टिकले, बांभोरीचे कॉलेज टिकले, बँक बुडाली. बायकांसाठी पक्षाशी, सरकारशी, स्वतःच्या समाजाशी त्या भांडल्या असे मात्र दिसत नाही. चळवळीतल्या बायका भांडल्या, कायदे घडवले, आणि बहुतेक वेळा सत्तेबाहेर राहिल्या. खानदेशाला पहिल्या प्रकारची बाई मिळाली, शहाद्यात दुसऱ्या प्रकारच्या बायका होत्या, आणि या दोघींची गाठ कुणी घालून दिली नाही. नुकसान झाले ते तिथे.

०

आज खानदेशातून तीन बायका खासदार आहेत. पुढच्या वेळी कुणी ताई, अक्का किंवा वहिनी मते मागायला दारात आली तर हार घाला, चहा द्या, आणि तीन गोष्टी विचारा. जिल्ह्यातल्या सोनोग्राफी केंद्रांची तपासणी शेवटची कधी झाली? अत्याचाराची तक्रार करणाऱ्या मुलीला कोर्टात सोबत कोण करते? आणि तुमच्या पक्षाने विधानसभेला किती बायकांना तिकिटे दिली? उत्तरे कागदावर लिहून ठेवा. पाच वर्षांनी तोच कागद पुढे करा.